निबंध उत्प्रेरकाचा, गणित कोणाचे?

परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर या चार जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांतून उत्प्रेरकावर जे शोधनिबंध निघतात, त्यांतले पुष्कळसे आता एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात. शीर्षकात 'ग्रीन' किंवा 'एफिशियंट'. पुढे 'वन-पॉट'. मग तक्ता: उत्प्रेरक पाच, दहा, पंधरा मोल टक्के, द्रावक पाणी, इथेनॉल, नाहीतर बिनद्रावक, वेळ इतकी मिनिटे, यील्ड इतके टक्के. मग चंदीगडहून किंवा मुंबईहून काढून आणलेले एनएमआर. आणि शेवटी अलीकडे रूढ झालेला भाग: डीएफटी, म्हणजे रेणूतल्या इलेक्ट्रॉनांचे संगणकावरचे गणित. एक रंगीत चित्र, होमो आणि लुमो (इलेक्ट्रॉनांची भरलेली सर्वांत वरची आणि रिकामी सर्वांत खालची पातळी) यांच्या ऊर्जा, त्यांतले अंतर, आणि खाली एक ओळ, की हे गणित बीथ्रीएलवायपी/६-३१जी या पातळीवर केले आहे.

हा साचा एकट्या मराठवाड्याचा नाही, देशभर तो चालतो. पण आपण आपल्या दारापुरते बोलू. आणि त्यातल्या शेवटच्या भागापुरतेच बोलू.

तो भाग नीट वाचावा. गणित कोणाचे केले आहे? तयार झालेल्या पदार्थाचे. निबंध कशावर आहे? उत्प्रेरकावर. आता उत्प्रेरकाची व्याख्याच अशी, की तो अभिक्रियेचा वेग वाढवतो आणि शेवटी स्वतः बाजूला होतो. उत्प्रेरक बदलला की कधी कधी पदार्थही बदलतो, पण या निबंधांत तसे नसते; ठरलेला एकच पदार्थ वेगवेगळ्या उत्प्रेरकांनी काढलेला असतो. म्हणजे चंबूत सिलिका घाला, चिकणमाती घाला, नाहीतर लिंबाचा रस घाला, निघणारा रेणू तोच. रेणू तोच, तर त्याचा होमोही तोच आणि लुमोही तोच. त्या रेणूवर दहा उत्प्रेरकांचे दहा निबंध निघाले, तरी दहाही ठिकाणी तोच आकडा येणार. मग त्या आकड्याने या उत्प्रेरकाबद्दल काय सांगितले? काहीही नाही.

गंमत म्हणून हे लिहीत नाही. एका विद्यार्थ्याची त्यात वर्षे जातात. बार्टी, सारथी, महाज्योतीच्या फेलोशिपवर जगणारा, मागे घरी कापूस-सोयाबीनचे चार-पाच एकर असलेला हा मुलगा किंवा ही मुलगी प्रयोगशाळेत उन्हाळा काढते आणि निबंधात शास्त्र म्हणून जे जोडते, ते मूळ प्रश्नाला शिवतही नाही.

त्याच निबंधात आणखी एक आकृती असते. तिचे नाव 'प्लॉजिबल मेकॅनिझम'. वाकडे बाण काढून अभिक्रिया कशी झाली असावी ते दाखवलेले असते. उत्प्रेरकाचे खरे काम या आकृतीत आहे. कोणता बंध आधी तुटला, कोणता नंतर जुळला, उत्प्रेरकाने नेमका कुठे हात दिला, हा सगळा प्रश्न तिथे आहे. संगणकाने तपासायची गोष्ट ती. पण ती 'असावी' वर सोडून दिलेली असते आणि दोन पाने पुढे ज्याचे गणित कोणी मागितलेच नव्हते, त्याचे गणित असते. आजार एकाला आणि रक्त तपासले दुसऱ्याचे, असा हा प्रकार आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. बिजिनेली अभिक्रिया आपल्याकडच्या प्रयोगशाळांची फार लाडकी. पिएत्रो बिजिनेली या इटालियन रसायनज्ञाने ती १८९१ मध्ये मांडली. एक अल्डिहाइड, एक एस्टर, म्हणजे इथाइल ॲसिटोॲसिटेट, आणि एक युरिया. तिन्ही एका चंबूत, थोडे आम्ल, थोडी उष्णता. टीएलसीवर स्पॉट बघत बसायचे. गार केले की पांढरा घन पदार्थ खाली बसतो. स्वस्त, सोपी, हमखास होणारी. म्हणूनच तिच्यासाठी जगभरात शेकड्यांनी उत्प्रेरक जाहीर झाले आहेत आणि अजून होतात.

या तिघांत आधी कोण कोणाला भेटते? अल्डिहाइड आणि युरिया आधी जुळतात, की अल्डिहाइड आणि एस्टर, की युरिया आणि एस्टर? तीन वाटा आहेत. ऑस्ट्रियातल्या ऑलिव्हर काप्पे यांनी १९९७ मध्ये एनएमआरच्या आधारे पहिल्या वाटेच्या बाजूने पुरावा दिला. २००९ मध्ये ब्राझीलमधल्या एका गटाने वस्तुमान वर्णपटमापकाने मधले टप्पे पकडले आणि डीएफटीने तीनही वाटांच्या ऊर्जा काढून पाहिल्या. पहिलीच वाट सोपी निघाली. इथे गणिताने काम केले. एका प्रश्नाची तीन उत्तरे होती, त्यांतली दोन मागे पडली.

आता आपल्याकडचा विद्यार्थी नवा घन उत्प्रेरक घेऊन हीच अभिक्रिया करतो. त्याच्या पुढचा प्रश्न उघड आहे. माझ्या उत्प्रेरकावर वाट तीच राहते का? वाटेतला ऊर्जेचा अडथळा किती कमी होतो? आणि शेजारच्या प्रयोगशाळेत गेल्या वर्षी वापरलेल्या उत्प्रेरकापेक्षा तो कमी होतो का? याचे गणित करता येते. उत्प्रेरकाचा जो भाग काम करतो, समजा एक सल्फॉनिक आम्लाचा गट, तो घ्यायचा. त्याच्याजवळ बेंझाल्डिहाइड आणि युरिया ठेवायचे. मधली संक्रमण अवस्था, म्हणजे वाटेतला ऊर्जेचा सर्वांत उंच टप्पा, शोधायची. ती खरी सापडली की नाही, हे कळायची खूण पक्की आहे: कंपनांच्या यादीत काल्पनिक वारंवारता बरोबर एकच हवी. शून्य आल्या तर तुम्ही दरीत आहात, दोन आल्या तर चुकीच्या टेकडीवर. मग त्या एका कंपनाच्या दिशेने दोन्ही बाजूंना उतरून पाहायचे, की एका बाजूला सुरुवातीचे रेणू आणि दुसऱ्या बाजूला जुळलेला रेणू मिळतो का. एवढे केले की वाकड्या बाणांना आधार मिळतो.

आणि मग रंगीत चित्राखालच्या त्या बीथ्रीएलवायपी/६-३१जीच्या ओळीकडे वळावे लागते. बीथ्रीएलवायपी हे सूत्र १९९३-९४ मधले. ६-३१जी हा गणितातल्या फलनांचा संच जॉन पोपल यांच्या गटाने १९७२ मध्ये दिलेला. दोन्ही आपापल्या काळातली मोठी कामे. पोपल यांना वॉल्टर कोन यांच्याबरोबर १९९८ चे नोबेल मिळाले, ते योग्यच. पण २०१२ मध्ये श्टेफान ग्रिमे आणि सहकाऱ्यांनी एक निबंध लिहून स्पष्ट सांगितले, की अभिक्रियांच्या ऊर्जेसाठी ही जोडी वापरू नका. कारण साधे होते. या सूत्रात रेणूंमधले दुरून लागणारे क्षीण आकर्षण धरलेलेच नाही. आणि हा संच लहान असल्याने तो रेणूंना उगाच जास्त जवळ ओढतो. एक चूक वजा, एक चूक अधिक. कधी कधी दोन्ही एकमेकींना झाकतात आणि उत्तर बरोबर आल्यासारखे वाटते. मोठा रेणू घेतला की झाकण उडते.

त्याने किती बिघडते? खोलीच्या तापमानाला अडथळ्यात सुमारे १.४ किलोकॅलरीचा फरक पडला, की वेगात दहापट फरक पडतो. २.८ चा पडला, की शंभरपट. उत्प्रेरकांची तुलना करायची म्हणजे याच मापात बोलायचे. तिथे दोन-चार किलोकॅलरी इकडेतिकडे करणारी पातळी घेऊन बसलो, तर कोणता उत्प्रेरक चांगला हे सांगता येणार नाही. उपाय महाग नाही. ग्रिमे यांचीच आकर्षणाची दुरुस्ती २०१० पासून हाताशी आहे. ती जोडायला आज्ञावलीत एक शब्द वाढवावा लागतो.

मग हे होत का नाही? एक कारण सगळ्यांना ठाऊक आहे. निबंध मोजले जातात. पदोन्नतीला मोजले जातात, मार्गदर्शकाच्या मान्यतेला मोजले जातात. पीएच.डी.ला प्रबंधाआधी निबंध छापण्याची सक्ती होती, ती २०२२ च्या नियमांनी गेली. नियतकालिकांची यूजीसी-केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली. सक्ती सैल झाली, पण सवय तशीच आहे. दुसरे कारण परीक्षकांचे. निबंध परत येतो तेव्हा सोबत शेरा असतो, 'डीएफटी जोडा'. कशाचे डीएफटी आणि कोणता प्रश्न सोडवायला, हे परीक्षकही लिहीत नाही. मग ओळखीतला कोणीतरी दूरच्या शहरात फाइल चालवून देतो, सहलेखकांत एक नाव वाढते, आणि रंगीत चित्र येते. ज्याने पदार्थ बनवला त्याला त्या चित्राचा अर्थ तोंडी परीक्षेत विचारला, तर 'अंतर कमी म्हणून क्रियाशीलता जास्त' एवढे एक वाक्य पाठ असते.

परभणीकडून यावर एक उत्तर हमखास मिळते: आमच्याकडे यंत्रे कुठे आहेत? प्रश्न खरा आहे. एनएमआर नाही, पृष्ठभाग तपासायची यंत्रे नाहीत, आणि ती कोट्यवधींची आहेत. पण संगणकी रसायन ही एकच शाखा अशी आहे, जिथे हे उत्तर निम्मेच लागू पडते. जर्मनीतल्या फ्रांक नेझे यांच्या गटाची 'ओर्का' ही आज्ञावली शैक्षणिक कामाला फुकट मिळते. घन पदार्थांसाठीची 'क्वांटम एस्प्रेसो' तर मुक्त स्रोताचीच आहे. ग्रिमे यांची 'एक्सटीबी' साध्या लॅपटॉपवर शंभरेक अणूंच्या रेणूचा आकार काही क्षणांत बसवून देते. तिचे उत्तर कच्चे असते, पण कुठे शोधायचे ते कळते. मग फक्त मोजक्या ठिकाणी जड गणित लावायचे. विभागातला एक बऱ्यापैकी डेस्कटॉप, त्याला इन्व्हर्टर, म्हणजे रात्री वीज गेली तरी दोन दिवसांचे काम पाण्यात जाणार नाही. पदव्युत्तर विभागाला एवढा खर्च जड नाही.

आणि यंत्र लहान आहे म्हणून प्रश्न लहान घ्यावा लागतो, हेही पुण्यातल्या माणसांनी फार पूर्वी खोटे पाडले आहे. श्रीधर गद्रे पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात होते. १९९३ चे भटनागर पारितोषिक त्यांना मिळाले. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 'मॉलिक्युलर टेलरिंग' ही पद्धत मांडली. मोठ्या रेणूचे एकदम गणित करायला तेव्हा आपल्याकडे ताकदीची यंत्रे नव्हती. परम ८००० पुण्यातच १९९१ मध्ये उभा राहिला होता, तोच मोठा आधार. गद्रे यांनी रेणूचे एकमेकांवर चढणारे तुकडे केले. प्रत्येक तुकड्याचे गणित वेगळे केले. मग ते तुकडे अशा रीतीने जोडले, की सामाईक भाग दोनदा मोजला जाणार नाही. संपूर्ण रेणूचे उत्तर हाती आले. पुढची अनेक वर्षे ही पद्धत बाजारात मिळणाऱ्या साध्या संगणकांवर मोठमोठी गणिते करायला वापरली गेली. साधन अपुरे होते, म्हणून पद्धत निघाली. मराठवाड्यातल्या रसायनशास्त्राच्या किती वर्गांत हे नाव घेतले जाते?

आता खऱ्या अडचणीबद्दल. माती, सिलिका, नॅनोकण यांचे पृष्ठभाग ओबडधोबड असतात. काम करणारी जागा नक्की कोणती, हेच कळलेले नसते. अशा वेळी गणिताला प्रतिमान काय द्यायचे, हा प्रश्न मोठमोठ्या गटांनाही सुटत नाही. हे मान्य केलेच पाहिजे. त्यासाठी मोठी यंत्रे लागतात. राष्ट्रीय सुपरकंप्युटिंग मिशन २०१५ मध्ये ४,५०० कोटींचे ठरले, देशभर सत्तरच्या वर यंत्रांचे जाळे विणायचे असे त्यात म्हटले होते, आणि पुण्यात आयसरमध्ये 'परम ब्रह्म' उभे आहे. तिथे वेळ मागता येतो का, हे विद्यापीठाने पाहावे. आणि तेही जमत नसेल तर निबंधात तसे लिहावे: या उत्प्रेरकाची यंत्रणा आम्ही गणिताने तपासलेली नाही. हे वाक्य होमो-लुमोच्या चित्रापेक्षा जास्त प्रामाणिक आहे आणि जास्त उपयोगी आहे. पुढच्याला काम कुठे बाकी आहे ते कळते.

गणित आधी नसले तर काय होते आणि असले तर काय होते, याचा दाखला परभणीच्या शेतकऱ्याच्या खांद्यावरच्या युरियाच्या गोणीत आहे. कापसाला वरखत द्यायच्या दिवसांत कृषी सेवा केंद्रासमोर रांगा लागतात. ४५ किलोची गोणी, २६६ रुपये ५० पैसे, आणि तिच्याबरोबर गळ्यात मारलेले लिंकिंगचे दुसरे काहीतरी. त्या गोणीतला युरिया अमोनियापासून होतो आणि अमोनिया होतो लोखंडाच्या उत्प्रेरकावर. तो उत्प्रेरक शोधायला जर्मनीत बीएएसएफमध्ये आल्विन मिटाश यांच्या गटाने सुमारे अडीच हजार पदार्थ तपासले, साडेसहा हजारांच्या आसपास चाचण्या केल्या. १९१३ मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला. तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. एक घाला, तापवा, मोजा, दुसरे घाला.

२००१ मध्ये डेन्मार्कमधल्या येन्स नोर्स्कोव यांच्या गटाने हाच प्रश्न वेगळ्या बाजूने घेतला. नायट्रोजन कोणत्या धातूला किती घट्ट चिकटतो, हे त्यांनी डीएफटीने काढले. मोलिब्डेनम फार घट्ट धरतो, सोडत नाही. कोबाल्ट फार सैल धरतो, हाती काही लागत नाही. दोन्ही एकत्र आले तर पकड मधली बसेल, असे आकडे सांगत होते. प्रयोगात कोबाल्ट-मोलिब्डेनमचे मिश्रण उत्तम चालले. अडीच हजार पदार्थांऐवजी आवर्तसारणीतल्या दोन जागा आणि त्यांच्यामधले गणित. इथे डीएफटी निबंधाच्या शेवटी आलेले नाही. चंबू तापायच्या आधी आले आहे, आणि ते पदार्थाचे नाही, उत्प्रेरकाचे आहे.

आपल्याकडून कोणी नव्या अमोनिया उत्प्रेरकाची अपेक्षा करत नाही. बिजिनेलीच्या चंबूत जो युरिया पडतो, त्याच्या पुढे कोणती वाट उघडते एवढे जरी आपण स्वतः काढले, तरी तो मराठवाड्यातून आलेला खरा निष्कर्ष असेल. त्याला लागणारी बुद्धी इथे आहे. दरवर्षी एम.एस्सी.च्या वर्गांत बसलेली असते. तिला पदार्थाचे रंगीत चित्र काढायला लावणे हा तिचा अपमान आहे.

करण्यासारखी गोष्ट एकच आहे आणि ती विद्यापीठाच्या हातात आहे. पीएच.डी.चा आराखडा घेऊन विद्यार्थी संशोधन आणि मान्यता समितीसमोर उभा राहतो. विषय उत्प्रेरकाचा असेल आणि आराखड्यात डीएफटी लिहिलेले असेल, तर समितीने दोन प्रश्न विचारावेत. गणित कोणाचे करणार, उत्प्रेरकाचे की पदार्थाचे? आणि कधी करणार, प्रयोगाच्या आधी की नंतर? 'पदार्थाचे' आणि 'नंतर' अशी उत्तरे आली, तर तो भाग आराखड्यातून काढायला लावावा. या चारही जिल्ह्यांच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने याची सुरुवात पुढच्याच बैठकीपासून करावी.